फ्रिज, वॉशिंग मशीन, मिक्सर: दुरुस्ती कधी परवडते आणि कधी नाही

"दहा वर्षं झाली ना, मग टाका आता" हा सल्ला जितका अर्धवट, तितकाच "जुनं ते भक्कम, करून घ्या दुरुस्त" हाही. वस्तूच्या वयावरून फारसं काही ठरत नाही. तीन प्रश्नांची उत्तरं हवीत: नेमका कोणता भाग गेला, तो कशामुळे गेला, आणि दुरुस्तीनंतर ती वस्तू किती महिने चालली की खर्च वसूल होतो. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं बऱ्याचदा घरच्या घरी मिळतात. तिसऱ्यासाठी कागद-पेन पुरतं.

आधी वस्तू खरंच बिघडली आहे का

प्लग काढून दुसऱ्या खोलीतल्या सॉकेटला लावून बघा. गिझर आणि बरेच फ्रिज, वॉशिंग मशीन यांना १६ अँपियरचं मोठं सॉकेट लागतं. त्याच्या भोकांभोवतीचं प्लास्टिक पिवळं-काळं पडलं असेल तर बिघाड बहुधा सॉकेटमध्ये आहे, मशीनमध्ये नाही. सैल पकडीमुळे तिथे ठिणगी पडते, प्लगची पिन तापते आणि मशीन मध्येच बंद पडतं. तीन-चारशे रुपयांचा साधा मल्टिमीटर घरात असावा. सॉकेटला साधारण २३० व्होल्ट दिसायला हवेत. गावाकडे संध्याकाळी हाच आकडा १७०-१८०वर उतरतो. मग साधा कॉम्प्रेसर घरघरतो, तापतो आणि 'टक्' करून सुटतो. अशा घरात फ्रिज बदलला तरी नव्याचंही तेच होणार. तिथे आधी स्टॅबिलायझर लागतो.

एमसीबी (जास्त भार किंवा शॉर्ट झाल्यावर पडणारा स्विच) पडत असेल तर सगळे प्लग काढा आणि एकेक लावत जा. एखादी वस्तू लावताच आरसीसीबी किंवा ईएलसीबी (करंट गळला की पडणारा स्विच) पडत असेल, तर मात्र त्या वस्तूत बहुधा करंट बॉडीत उतरतोय. तिचा वापर तिथेच थांबवा. स्विच पुन्हा पुन्हा वर करून काम भागवू नका.

वसुलीचा हिशोब

"दुरुस्ती नव्याच्या निम्म्या किमतीवर गेली की नवं घ्या" हा ठोकताळा सगळीकडे ऐकू येतो. तो ढोबळ आहे, कारण त्यात ना विजेचा विचार आहे ना दुरुस्ती किती टिकेल याचा. त्याऐवजी नवी वस्तू वर्षाला किती रुपयांना पडते ते काढा.

समजा २४० लिटरचा, दोन दारांचा नवीन फ्रिज डिलिव्हरी आणि स्टँड धरून २६,००० रुपयांना पडतो. जुन्याचे २,००० मिळतात. उरले २४,०००. तो १२ वर्षं चालेल असं धरलं तर वर्षाला २,००० रुपये, म्हणजे महिन्याला साधारण १६७. जुन्याची दुरुस्ती ३,५०० रुपये सांगितली असेल, तर तो निदान २१ महिने चालायला हवा. त्याआधी बंद पडला तर पैसे पाण्यात.

आता यात वीज मिळवा. जुना फ्रिज किती खातो हे मोजायची सोपी वेळ म्हणजे गावाला जायचा दिवस. निघताना फ्रिज सोडून सगळं बंद करा. राउटर, सेट-टॉप बॉक्स, पाण्याचा फिल्टर, डास घालवायचं मशीनसुद्धा. मीटरचा आकडा दशांशासकट फोटोत घ्या, वेळ लिहून ठेवा. परत आल्यावर घरात काही सुरू करण्याआधी दुसरा फोटो घ्या. ४८ तासांत २ युनिट गेले असतील तर रोजचं १, वर्षाचे ३६५. नव्या फ्रिजच्या स्टार लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात. दार उघडझाप झाली की दोन्हींचा खप थोडा वाढतो, त्यामुळे तुलना ढोबळच, पण निर्णयापुरती चालते. लेबलवर २१५ असेल तर वर्षाला १५० युनिट वाचतात.

हे १५० युनिट कोणत्या दराने धरायचे? बिलाची सरासरी काढू नका. वीजबिल टप्प्याटप्प्याने चढतं आणि वाचलेले युनिट सगळ्यात वरच्या, म्हणजे महाग टप्प्यातून कमी होतात. बिलातल्या तुमच्या शेवटच्या टप्प्याचा दर घ्या, त्यात वहन आकार आणि वीज शुल्क मिळवा. स्थिर आकार धरू नका, तो काही केल्या कमी होत नाही. सोयीसाठी १० रुपये धरले तर वर्षाला १,५०० रुपये वाचले. म्हणजे नवा फ्रिज वर्षाला २,०००ला नाही, ५००ला पडला. आता तीच ३,५०० रुपयांची दुरुस्ती वसूल व्हायला ७ वर्षं लागतात. नऊ वर्षं जुन्या फ्रिजवर हा जुगार खेळू नये. पण त्याच फ्रिजचा रिले (कॉम्प्रेसर सुरू करून देणारा छोटा भाग) बदलून ५०० रुपयांत काम झालं, तर वर्षभर चालला की फिटलं. तोच फ्रिज आणि तेच वय असूनही उत्तर बदललं, कारण गेलेला भाग वेगळा होता.

हप्त्यावर घेणार असाल तर व्याज आणि प्रोसेसिंग फी किमतीत मिळवूनच हा भागाकार करा.

स्टार मोजून जुन्या-नव्याची तुलना मात्र करू नका. निकष दर काही वर्षांनी कडक होतात, त्यामुळे जुन्या लेबलवरचे पाच स्टार आज पाच राहत नाहीत. युनिटला युनिट लावून बघा.

फ्रिज: "गॅस गेला" म्हणण्याआधी

सर्वांत जास्त पैसे इथेच वाया जातात, कारण थंड न होणाऱ्या प्रत्येक फ्रिजला "गॅस गेला" हेच निदान मिळतं.

दोन दारांच्या फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये वरचा फ्रीझर बर्फ करतोय, पण खाली दूध नासतंय, ही नेहमीची तक्रार. यात गॅस बहुधा शाबूत असतो. फ्रीझरच्या मागच्या पॅनलआड कॉइल असते. तिच्यावर जमणारं हिम दिवसातून काही वेळा एक हीटर वितळवतो. हीटर, त्याचा बायमेटल थर्मोस्टॅट, थर्मल फ्यूज किंवा सेन्सर यांपैकी काही गेलं की हिम साठत जातं आणि हवेची वाट बंद होते. थंडी खाली पोचतच नाही.

तपासायची रीत फुकट आहे. फ्रिज रिकामा करा, प्लग काढा, दोन्ही दारं पूर्ण २४ तास उघडी ठेवा. खाली जुनी चादर टाका, पाणी बरंच येतं. मग सुरू करून दुसऱ्या दिवशी बघा. फ्रिज झकास थंड झाला आणि चार-आठ दिवसांनी पुन्हा तीच रड सुरू झाली, तर दोष डीफ्रॉस्टच्या, म्हणजे हिम वितळवणाऱ्या भागांत आहे. हे काम काही शे ते दीड-दोन हजारांत होतं आणि फ्रिज पुढे वर्षानुवर्षं चालतो. २४ तासांनंतरही थंड झाला नाही, तर गॅस किंवा कॉम्प्रेसरचा संशय घ्यायचा. तेव्हा फ्रीझरमधला छोटा पंखा फिरतोय का तेही कान देऊन ऐका. तो बंद असेल तरी लक्षणं तशीच दिसतात.

भाजीच्या ट्रेखाली पाणी साठतं? मागच्या पाणी जाण्याच्या भोकात कोथिंबिरीची काडी किंवा बर्फ अडकलेला असतो. कोमट पाणी सोडा, मऊ नळीने मोकळं करा. दाराचं रबर बघायला दहाची नोट दारात अडकवून ओढा. चारही बाजूंनी थोडी ओढ लागली पाहिजे. जिथे नोट सरळ निसटते तिथून थंडी बाहेर जाते. रबर आधी धुवा, गरम पाण्याच्या फडक्याने शेकून आकार आणा, मगच नवं आणायचं.

दर दोन-चार मिनिटांनी मागून 'टक्' आवाज येतो आणि फ्रिज थंड होत नाही, तेव्हा कॉम्प्रेसरच्या बाजूला बसवलेला रिले किंवा ओव्हरलोड प्रोटेक्टर गेला असेल, नाहीतर कॉम्प्रेसर जाम. पहिला शे-दोनशेचा भाग, दुसरा हजारोंचा. मल्टिमीटर हाताळता येत असेल तर प्लग काढून, रिले उपसून कॉम्प्रेसरच्या तीन पिनांचा रेझिस्टन्स मोजा. साध्या कॉम्प्रेसरमध्ये तीन जोड्यांपैकी दोन लहान आकड्यांची बेरीज तिसऱ्या मोठ्या आकड्याएवढी येते. इन्व्हर्टर (वेग बदलत चालणाऱ्या) कॉम्प्रेसरमध्ये तिन्ही आकडे जवळपास सारखे येतात. कोणतीही पिन आणि बॉडी यांच्यात मात्र मीटरने जोड दाखवता कामा नये. आकडे बरोबर असतील तर आधी रिले बदलून बघायला लावा. आकडे बरोबर असूनही आतून जाम झालेला कॉम्प्रेसर असू शकतो, पण आधी स्वस्त भाग तपासायचा.

खरोखर गॅस गेला असेल, तर एक गोष्ट ध्यानात घ्या. गॅस वापरून संपत नाही, तो गळतो. "दर तीन वर्षांनी भरावा लागतो" हे साफ खोटं. म्हणून मेकॅनिकला विचारायचं: गळती कुठे आहे? दिसणाऱ्या जोडावर असेल तर दुरुस्ती ठीक. एका दाराच्या फ्रिजमध्ये बर्फ सुरीने खरवडताना फ्रीझरच्या पत्र्याला भोक पडलं असेल, तर ते निदान समोर दिसतं आणि कॉइल बदलता येते. पण हल्लीच्या बऱ्याच फ्रिजमध्ये नळ्या बाजूच्या भिंतींत, फोमच्या आत असतात. तिथे नळी कुजली असेल तर गॅस भरून फार तर काही आठवडे निघतात. अशा वेळी फ्रिजचा मोह सोडा.

गळती सापडली आणि काम करायचं ठरलं, तर फिल्टर-ड्रायर (नळीतली ओल आणि कचरा अडवणारा भाग) नवा हवा, व्हॅक्यूम पंप लावून नळ्या कोरड्या करायला हव्यात आणि गॅस वजन करून भरायला हवा. कोणता गॅस आणि किती ग्रॅम, हे मागच्या पाटीवर लिहिलेलं असतं. आर-६००ए असेल तर तो ज्वलनशील आहे आणि लागतो अगदी थोडा, शंभर ग्रॅमच्याही आत. वजनकाटा न आणता "अंदाजाने भरतो" म्हणणाऱ्याला, किंवा त्याच्या जागी आर-१३४ए घालणाऱ्याला, चहा पाजून परत पाठवा. बंद स्वयंपाकघरात, शेजारी गॅसची शेगडी पेटलेली असताना हे काम होऊ देऊ नका.

आणि ते 'कॉम्प्रेसरवर १० वर्षं वॉरंटी'चं स्टिकर? त्यात बहुतेक वेळा फक्त कॉम्प्रेसर फुकट मिळतो. गॅस, फिल्टर, मजुरी, ने-आण वेगळी. हिशोब करताना ही रक्कम आधी विचारून घ्या.

वॉशिंग मशीन

फ्रंट लोडमध्ये पाणी बाहेर जात नाही असा एरर आला, तर पुढच्या बाजूला खालच्या कोपऱ्यातलं झाकण उघडा. खाली पसरट थाळी धरा आणि फिल्टर हळूहळू फिरवा. एक रुपयाचं नाणं, केसांची पिन, ब्लाउजचा हूक, लहान मुलाचा मोजा, असा ऐवज निघतो. पाणी भरायला वेळ लागत असेल तर मागचा नळीचा जोड सोडा. आत बोटाच्या पेराएवढी जाळी असते, ती बोअरच्या पाण्याच्या गाळाने बुजते. जुन्या टूथब्रशने घासली की काम झालं. या दोन गोष्टींसाठी भेट फी भरणारे पुष्कळ आहेत.

खरा निर्णय बेअरिंगपाशी येतो. स्पिनला विमान उडाल्यासारखा आवाज येत असेल, तर मशीन रिकामं आणि बंद करून ड्रमची कड हाताने वर-खाली हलवा. बाहेरच्या टबसकट ड्रम डोलला तर हरकत नाही, तो स्प्रिंगवर टांगलेला असतो. टब स्थिर राहून नुसता ड्रम खडखडला, किंवा हाताने फिरवताना खरखर लागली, तर बेअरिंग गेलं. मूळ कारण त्याच्या पुढचं रबरी सील असतं. ते झिजलं की साबणाचं पाणी बेअरिंगमध्ये शिरतं आणि ते गंजतं. म्हणून नुसतं बेअरिंग घालून जुनं सील ठेवणारी दुरुस्ती काही महिन्यांत पुन्हा दारात येते. बेअरिंग आणि सील एकत्रच बदलायचं.

आता तुमच्या मॉडेलचा टब स्क्रूने जोडलेला आहे की वेल्ड केलेला, हे विचारा. स्क्रूचा असेल तर काम परवडतं. वेल्ड केलेला असेल तर अख्खा टब बदलावा लागतो आणि आकडा नव्या मशीनच्या निम्म्याकडे सरकतो. टब उघडलाच आहे तर ड्रममागचा तीन पायांचा अॅल्युमिनियमचा स्पायडर स्वतःच्या डोळ्यांनी बघा. क्षाराच्या पाण्याने आणि साबणाने तो खडूसारखा भुसभुशीत होतो. त्याला चीर असेल तर बेअरिंगवर खर्च करू नका. पाय तुटला की ड्रम आतल्या आत सगळं फोडतो.

पीसीबी (मशीन चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) गेला म्हणून सांगितलं तर "कशामुळे गेला?" हा प्रश्न सोडू नका. उंदराने वायर कुरतडली, पाल रिलेवर चिकटली, ओल आली, की पाण्याचा पंप शॉर्ट झाला? शेवटचं कारण असेल तर नवा बोर्डही पहिल्याच धुण्यात जळतो. मोठ्या शहरांत बोर्ड दुरुस्त करणारी दुकानं असतात. रिले किंवा ट्रायाक असे बोर्डावरचे छोटे भाग बदलून बोर्ड नव्याच्या बऱ्याच कमी किमतीत चालू होतो. नवा घेण्याआधी तिथे दाखवा.

सेमी-ऑटोमॅटिक बहुतेक वेळा दुरुस्तच करा. टायमर, बेल्ट, कपॅसिटर, गिअरबॉक्स, ड्रायरची ब्रेक वायर, सगळं तालुक्याच्या बाजारात मिळतं. खालचा पत्रा गंजून पाय निघाले किंवा प्लास्टिकचा टब तडकला, तरच निरोप द्या.

मिक्सर, पंखा, गिझर

मिक्सर बंद पडला तर उलटा करून तळाचं लाल बटण दाबा. जास्त भाराने ते सुटलेलं असतं. मग जार न लावता चालवा. मोटर नीट फिरली तर दोष जारमध्ये आहे. जार हातात घेऊन खालचा कपलर बोटांनी फिरवा. जड फिरत असेल किंवा पातं डुगडुगत असेल तर बुश (पात्याचा दांडा ज्यात फिरतो ती पुंगळी) गेलं. खालून काळपट पाणी झिरपत असेल तरी तेच. वाटण करताना मोटर गरगरते, पण पातं अडखळतं आणि रबर जळाल्याचा वास येतो, तेव्हा कपलरचे दात झिजलेले असतात. ही सगळी किरकोळ कामं. आत निळसर ठिणग्या दिसल्या तर कार्बन ब्रश बदला, नेहमी जोडीनेच. धूर येऊन आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) जळालं असेल तर मात्र थांबा. रिवाइंडिंगच्या (तार पुन्हा गुंडाळण्याच्या) खर्चात थोडी भर घालून नवा मिक्सर येतो आणि त्याबरोबर तीन नवे जारही. अपवाद हजार वॅटच्या दणकट मशीनचा. त्याचं रिवाइंडिंग चांगल्या हाताकडून झालं तर टिकतं.

पंखा हळू झाला असेल तर बहुतेक वेळा कपॅसिटर. त्यावर लिहिलेला आकडा, बहुधा २.५ किंवा ३.१५ मायक्रोफॅरॅड, बघून तोच आणा. जोराने फिरावा म्हणून मोठा आकडा घालू नका, वाइंडिंग तापतं. आवाज करत असेल तर बेअरिंग. वाइंडिंगच जळालं तर जुन्यावर खर्च करण्यात हशील नाही. साधा पंखा ७०-८० वॅट घेतो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा) पंखा ३० वॅटच्या आसपास. रोज १२ तास, वर्षाला ३०० दिवस धरले आणि ४५ वॅट वाचले, तर १६२ युनिट होतात.

गिझरमध्ये पाणी कुठून गळतं ते बघा. नळीच्या जोडातून गळत असेल तर प्लंबरचं काम. सेफ्टी व्हॉल्व्हमधून तापताना थेंब पडत असतील तर तो त्याचं कर्तव्य करतोय. बॉडीच्या आतून, खालच्या झाकणाच्या कडेने गंजकट पाणी येत असेल तर टाकी फुटली. ती सांधत बसू नका, गिझर बदला. पाणी तापत नसेल तर एलिमेंट किंवा थर्मोस्टॅट. २,००० वॅटच्या एलिमेंटचा रेझिस्टन्स २६ ओहमच्या आसपास यायला हवा. बोअरचं पाणी असेल तर मॅग्नेशियमचा रॉड दर वर्षी काढून बघायला लावा. तो खपला की पुढचा नंबर टाकीचा.

मायक्रोवेव्ह घरी कधीच उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहू शकतो.

मेकॅनिकशी बोलताना

मेकॅनिकला घरी बोलावण्याआधी मॉडेलच्या पाटीचा फोटो पाठवा आणि तीन गोष्टी विचारून घ्या: भेट फी किती, काम केलं तर ती बिलात वळती होते का, आणि हा भाग बाजारात मिळतो का. भाग मिळत नसेल तर पुढचा हिशोबच संपला. जुना भाग परत मागा. बिलावर बदललेल्या भागाचं नाव आणि गॅरंटीची मुदत लिहून घ्या. तोंडी "काही झालं तर या ना" याला गॅरंटी म्हणत नाहीत. कंपनीची अडवणूक वाटली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

जुनं बाहेर काढताना

दुकानात आधी एक्स्चेंजशिवायची शेवटची किंमत विचारा, जुन्याचा विषय नंतर काढा. नाहीतर सूट आणि जुन्याची किंमत एकाच आकड्यात मिसळून सांगतात. भंगारवाला दारातच फ्रिजची नळी कापू लागला तर थांबवा. आतला गॅस ज्वलनशील असू शकतो, तेलही सांडतं. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत जुन्या उपकरणांच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे, त्यामुळे कंपनीच्या ग्राहक सेवेला "जुना कुठे जमा करू?" असं विचारायला संकोच करू नका. तोवर फ्रिज जिन्यात किंवा अंगणात ठेवणार असाल तर त्याचं दार बिजागरीतून काढून बाजूला ठेवा. लपाछपीत एखादं मूल आत शिरलं तर आतून दार उघडेलच याचा भरवसा नसतो.